नाव एकीचं, रिपोर्ट दुसरीचा

नागपूरला धंतोलीतल्या ज्या दवाखान्यासाठी मी नोंदणीचा आणि रिपोर्टचा प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव मी सांगणार नाही. चूक दवाखान्याची नव्हतीच. चूक माझी होती, आणि ती करताना मी स्वतःला फार हुशार समजत होते. त्या रस्त्यानं जायची वेळ आली की मी अजून रिक्षावाल्याला दुसरीकडून घ्यायला सांगते. तो कुरकुर करतो. करू दे.

मी मानेवाड्याला राहते आणि घरूनच काम करते. पीएचपी, म्हणजे वेबसाइटचे प्रोग्रॅम लिहायची भाषा, शिकले ती बर्डीवरच्या एका क्लासात, लग्नानंतर, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा. वर्गात सगळे पोट्टे माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि मी मागच्या बाकावर साडी नेसून बसलेली. चिडवत मला. मीही सोडत नसे. माझी जीभ पहिल्यापासून तिखटच, आणि माझं काम बरोबर आहे हा माझा तोरा त्याहून तिखट. धंतोलीचा दवाखाना हे मला स्वतंत्रपणे मिळालेलं पहिलं मोठं काम.

पुढचं कळायला एक गोष्ट सांगावी लागेल. पीएचपीत एक पान दुसऱ्या पानाला ओळखत नाही. नोंदणीच्या पानावर तुम्ही पेशंटचं नाव लिहिलं, बटण दाबलं आणि पुढचं पान उघडलं, की त्या पुढच्या पानाला आधी काय झालं याचा पत्ताच नसतो. म्हणून सर्व्हरवर एक कप्पा ठेवायचा आणि लागेल ती माहिती त्यात टाकायची. त्याला सेशन म्हणतात. कप्प्याचा नंबर ब्राउझरजवळ असतो. प्रत्येक पान उघडताना ब्राउझर तो नंबर दाखवतो, आणि पान त्या कप्प्यात डोकावून बघतं. देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर बिल्ला देतात ना, तसंच. बिल्ला ज्याच्या हातात, त्याला त्या खान्यात त्या वेळी जे असेल ते मिळतं. स्टँडवाली बाई तुमचं तोंड पाहत नाही.

हा नंबर एरवी ब्राउझर आपल्यापाशी गुपचूप सांभाळतो. पण काउंटरच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी साफसफाईचा एक प्रोग्रॅम टाकून ठेवला होता, आणि तो दर थोड्या वेळानं ते नंबर पुसून टाकायचा. काउंटरवर एक ताई बसत. पन्नाशीच्या, आवाज असा की फाटकापर्यंत ऐकू जाईल. त्यांनी मला फोनवर फाडून खाल्लं.

"मॅडम, तुमचं मशीन पेशंटच विसरून राहिलं! मी लिहून राहिली अन् ते विसरून राहिलं! इथं लाइन बाहेरपर्यंत गेली ना बाप्पा!"

मी तिथे जाऊन तो साफसफाईचा प्रोग्रॅम काढायचा प्रयत्न केला. त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. मग मी जुगाड केला. कप्प्याचा नंबर ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या ओळीतच, म्हणजे लिंकमध्येच, घातला, म्हणजे तो एका पानावरून दुसऱ्या पानावर उघड्यानं जाईल आणि कोणी पुसू शकणार नाही. ताईंना दोन-तीन पानं एकदम उघडून ठेवायची सवय होती, म्हणून पेशंटचं नावही त्याच ओळीत घातलं. कुठलं पान कोणाचं हे वर मोठ्या अक्षरात दिसावं म्हणून. रिपोर्ट मात्र पान कप्प्यातूनच काढायचं, ताईंनी शेवटचा जो पेशंट उघडला असेल त्याचा. म्हणजे मथळ्यातलं नाव एकीकडून यायचं आणि खालचा रिपोर्ट दुसरीकडून. दोन्ही कायम जुळणारच, असं मी धरून चालले. एका दुपारचं काम. ताईंनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "आता कसं गुमान चालून राहिलं!" हे तात्पुरतं होतं. नंतर नीट करणार होते. दहा-अकरा वर्षं गेली.

या ताईंनी मधल्या काळात एक रीत पाडली होती. लांबून आलेल्या माणसांना नुसत्या रिपोर्टसाठी पुन्हा बस धरून नागपूरला यायला लागू नये, म्हणून त्या रिपोर्ट उघडायच्या, वरची पत्त्याची ओळ उचलायच्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी एकदा त्यांना असं करताना पाहिलंही होतं. किती जीव लावतात बाई, असंच माझ्या मनात आलं. त्या ओळीत काय काय जातंय हे मलाच ठाऊक होतं, आणि मीच तिथे उभी राहून कौतुक करत होते. माझ्यासारखी भैताड मीच!

आता त्या दोघी बहिणींचं सांगते. हे मला नंतर मोठीनं सांगितलं, आणि थोडं तिच्या वडिलांनी.

वडील कुहीकडच्या एका गावातले, धानाची शेती करणारे. दोन मुली. थोरली बी.ए. होऊन गावातल्याच शाळेत लहान पोरांना शिकवायची, धाकटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. थोरलीसाठी उमरेडचं स्थळ आलं. मुलाच्या आईनं पहिल्याच भेटीत सगळं उघड सांगितलं. तिची मोठी मुलगी नऊ वर्षांची होऊन सिकलसेलनं, रक्ताच्या त्या आजारानं, गेली होती. ती स्वतः वाहक, आणि मुलगाही वाहक. वाहक माणसाला स्वतःला काही आजार नसतो, जन्मभर ठणठणीत राहतो. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर मूल त्या आजाराचं होऊ शकतं. आमच्या विदर्भात हे घरोघर माहीत आहे, फक्त बोलत कोणी नाही. ही बाई बोलली. "पोरगी आमाले लय आवडली," ती म्हणाली, "पण रक्त पाहूनच. माह्या घरात आता पुन्हा ते नको."

वडिलांना ते पटलं. कोणालाही पटेल. तपासणीच्या दिवशी मुलाची आई स्वतः उमरेडहून बसनं धंतोलीला आली, रक्त देताना आपण समोर असावं म्हणून. आणि वडील म्हणाले, आलोच आहोत तर धाकटीचंही करून घेऊ, पुढेमागे लागेलच. थोरलीनं आधी नंबर लावला, धाकटीनं तिच्यामागे. मुलाच्या आईनं काउंटरवर आपला फोन नंबर दिला आणि ताईंना सांगितलं, "रिपोर्ट आला का मलेही धाडजा."

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. ताईंनी थोरलीचा उघडला. साफ होता. त्यांना आनंदच झाला असणार, त्या लगेच पाठवायला लागल्या. ओळ उचलली, उमरेडला धाडली, आणि पुढचा नंबर छापायला उघडला. तेवढ्यात तिकडे उमरेडला त्या आईनं फोन घेतला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मथळ्यात थोरलीचं नाव आलं, कारण ते ओळीतच होतं. खाली कप्प्यातलं आलं. कप्प्यात आता पुढचा नंबर होता.

वाहक.

तिनं त्याचा फोटो काढून ठेवला. भावाला पाठवला, जावेला पाठवला, आणि ज्यांनी स्थळ सुचवलं होतं त्या काकांना पाठवला. संध्याकाळच्या आत कुहीकडे वडिलांना तो फोटो गेला आणि पाठोपाठ फोन, की आमचं जमत नाही.

वडील तोपर्यंत दवाखान्यातून दोन्ही मुलींचे छापील कागद घेऊन घरी पोचले होते. थोरलीचा कागद स्वच्छ साफ. त्यांनी तो उमरेडला पाठवला. तिकडून जावेनं विचारलं, दवाखान्यातून सरळ फोनवर आलं ते खरं, का तुम्ही हातानं आणलं ते खरं? कागद काय, कोणीही करून आणते. एकदा हे तोंडातून निघालं की कुठे कुठे पोचतं ते सांगायला नको. थोरलीच्या शाळेत दुसऱ्या बाईंनी तिला विचारलं, तब्येत बरी आहे ना गं? आठवड्याभरात गावातल्या दोन घरांनी तिच्या वडिलांना दुसरी स्थळं सुचवायचं बंद केलं. पोरीवर रोगी म्हणून आणि बापावर खोटारडा म्हणून शिक्का बसला, तोही एकाच आठवड्यात.

डॉक्टरांनी मला बोलावलं तेव्हा हे वडील त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होणार. मी तयारीनं गेले होते, भांडायला मी कमी नाही. पण ते नुसते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मोठीचं साफ आहे एवढं लिहून द्या, बाकी काही नको." बाकी काही नको, हे त्यांनी दोनदा म्हटलं. साधा माणूस, असं मला वाटलं.

कुठलं पान कधी आणि कुठून उघडलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. मी ती बघायला बसले आणि दहा मिनिटांत सगळं समजलं. काउंटरच्या ताई माझ्या मागे उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. त्यांना ते पटेना. डोळ्याला पदर लावून म्हणायला लागल्या, "मीच धाडलं ना वं बाई. त्या पोरीचं वाटोळं मीच केलं." कशीबशी गप्प केली त्यांना.

नंबर पत्त्याच्या ओळीतून काढायला दोन ओळी बदलाव्या लागल्या. रिपोर्टच्या पानाला कप्प्यावर न विसंबता पेशंटचा नंबर स्वतः तपासायला लावायचं, नाव आणि रिपोर्ट एकाच जागेवरून काढायचे, आणि बाहेरच्या फोनवर ते उघडूच द्यायचं नाही, याला अजून तासभर. अकरा वर्षं जे माझ्यानं होत नव्हतं ते जेवायच्या वेळेआधी झालं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

नोंदीत त्या छापायच्या पानापुढे नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तो दुसरा रिपोर्ट कोणाचा, हे बघायला मला एक बटण दाबावं लागलं असतं. मी दाबलं नाही. जी कोणी असेल तिची गोष्ट तिची, आपल्याला काय अधिकार, असं मनाशी म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याचाही मला थोडा अभिमान वाटला.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, सही-शिक्क्यासकट. वडिलांनी ती घडी करून खिशात ठेवली. मी म्हटलं, "चिठ्ठीलाही ते खोटंच म्हणतील. मी येते उमरेडला. माझी चूक आहे, मी माझ्या तोंडानं सांगते."

"राहू द्या ना मॅडम," ते म्हणाले. "तुमी कशाले तरास घेता."

"त्रास कसला त्यात?"

"नाही म्हणजे, चिठ्ठी बस आहे. नाही जमलं तर नाही जमलं. दुसरं पाहू."

"दुसरं कसं पाहाल? तुमच्या पोरीचं नाव खराब झालं, आणि मी घरी बसून राहू?"

ते फरशीकडे बघत राहिले. मला तो त्यांचा भिडस्तपणा वाटला. मोठ्या दवाखान्यातल्या बाईला आपल्यासाठी गावोगाव कशाला फिरवायचं, असं वाटत असेल त्यांना. मी त्यांचं एक ऐकलं नाही. एकदा डोक्यात घेतलं की मी कोणाचं ऐकत नाही, माझा नवरा तर म्हणतो की हिच्याशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. मला त्या मुलीचं लग्न वाचवायचं होतं, हे खरं आहे. मला मोकळं व्हायचं होतं, हेही तितकंच खरं आहे.

रविवारी सकाळी उमरेडच्या बस स्टँडवर आम्ही भेटलो. वडील, थोरली, आणि थोरलीला सोबत म्हणून धाकटी. थोरली माझ्याशी धड बोलेना. रागानं नव्हे, तिला धास्तीच एवढी होती. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. धाकटी मात्र पूर्ण रस्ता माझ्या बाजूनं चालत बडबडत होती. कॉम्प्युटर शिकायला किती दिवस लागतात, गणित लागतं का, घरी बसून खरंच काम मिळतं का. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ताईनं चार दिवस जेवण केलं नाही. माहं साफ आलं म्हणून बाबानं सांगितलं ना, तर मलेच चोरासारखं वाटून राहिलं. ताईचं नीट करून द्या बरं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, करते.

त्या घरी मुलाची आई होती, तिची जाऊ, स्थळ सुचवणारे ते काका आणि शेजारच्या दोघी बायका. मुलगा ड्युटीवर होता. पाणी झालं, पोहे झाले. मी काही आडपडदा ठेवला नाही. प्रोग्रॅम मी लिहिला, जुगाड मी केला, ताईंनी पाठवलेल्या ओळीतून नाव हिचं आलं आणि खालचा रिपोर्ट भलत्याच पेशंटचा आला, सगळं सांगितलं. फोनवर तो फोटो उघडायला लावला आणि नावाची जागा नि रिपोर्टची जागा बोटानं दाखवली. चिठ्ठी दिली. म्हटलं, "या मुलीचं रक्त साफ आहे. तुम्हाला पुन्हा करायचं असेल तर तुमच्या मर्जीच्या ठिकाणी करा, मी बरोबर येते. पण हिला खोटं म्हणू नका. खोटं माझ्यामुळे झालं."

मुलाची आई शहाणी बाई होती. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. चेहरा हळूहळू सैल होत गेला तिचा. मग तिनं विचारलं, "म्हणजे नाव हिचं, अन् खालचं दुसऱ्याचं?"

"हो."

"मंग खालचं कोणाचं?"

"मॅडम," वडील म्हणाले. एवढंच. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि चांगल्या ठसक्यात म्हटलं. "मी पाहिलं नाही. दुसऱ्याच्या पोरीचं मी का पाहू? हिच्या मागच्या नंबरचं होतं, एवढंच सांगते."

थोरलीनं मान वर केली. मुलाच्या आईनं तर त्या दिवशी रांग डोळ्यांनी पाहिली होती. तिची नजर जिकडे गेली तिकडे सगळ्यांची गेली. धाकटी हातात पोह्यांची प्लेट घेऊन बसली होती. ती अजून हसतच होती, ताईचं नीट झालं म्हणून.

"ताईच्या मागं तर मीच होती," ती म्हणाली.

नंतर तिचं तिलाच ऐकू आलं.

धाकटी वडिलांकडे वळली. "बाबा? माहं तं साफ आलं होतं ना?"

वडिलांनी तोंडावरून हात फिरवला. "तुह्या कॉलेजची परीक्षा होती, बेटा. सांगणारच होतो."

दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत होते. तो फोटो पाहिल्याबरोबर त्यांना कळलं होतं की मोठीच्या नावाखाली धाकटीचं आलं. एकीला सोडवायचं तर दुसरीला पुढे करावं लागत होतं, म्हणून ते सोडवतच नव्हते. धंतोलीच्या बाकावर, डॉक्टरांच्या दारात, मला परतवताना, सगळा वेळ हा माणूस धाकटीला पाठीशी घालत होता. आणि मी त्याच्या हातावर पाय देऊन पुढे आले.

"चला, म्हणजे मोठीचं तं साफ निघालं!" काका म्हणाले. वाईट मनानं नाही, कोणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून. "जमलं म्हणा मंग!"

थोरली त्यांच्याकडे बघेना, कोणाकडेच बघेना. तिनं धाकटीच्या हातातली प्लेट काढून घेतली. मुलाची आई उठून धाकटीजवळ आली, तिच्या शेजारी खाली बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. "काही नाही होत वं पोरी," ती म्हणाली. "मीही तशीच आहो. पाह्य ना, चांगली धडधाकट आहो." असं म्हणता म्हणता तिचेच डोळे भरून आले. शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. तासाभरात उमरेडभर आणि संध्याकाळपर्यंत कुहीकडे काय पोचणार, हे त्या बघण्यातच दिसत होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं.

धाकटी रडली नाही. तिनं हात हळूच सोडवून घेतला आणि माझ्याकडे वळली. रस्त्यात कॉम्प्युटरचं विचारत होती त्याच आवाजात तिनं विचारलं.

"मॅडम, तो फोटो लोकांच्या फोनवर गेला, तो तुमाले मिटवता येते?"

"नाही," मी म्हटलं.

"अन् आता तुमी जे बोलल्या, ते?"